हजेरीचं बटण

रत्नागिरी
३ फेब्रुवारी २०२५

नम्रता,

आशीर्वाद पाठवतो आहे. ठेवायचे की परत धाडायचे ते तू ठरव.

ऑनलाइन केंद्राचा समन्वयक टपालाच्या पाकिटातून बोलतोय, हे पाहून तुला हसू येईल. काय करणार? फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर एकच खूण उमटते, दुसरी काही उमटत नाही. पोस्टमनला मात्र दार उघडावंच लागतं.

राजापूर काही सातासमुद्रापार नाही. एस.टी.त बसलं की दोन तासांत उतरता येतं. पण सव्वादोन वर्षांत ना तू इकडे आलीस ना मी तिकडे. तिथल्या ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर शिकवतेस असं कळलं. मुलं समोर बाकावर बसतात, खिडकीबाहेर बघतात, आपसात खुसखुसतात. खरं सांगतो, मला तुझा हेवा वाटला.

इकडची खबर अशी. केंद्रात आता चारशे बारा विद्यार्थी आहेत. त्यांत अकरा जहाजावरचे खलाशी. बंदर आलं की ते आठवड्याचे सगळे धडे एकदम उतरवून घेतात आणि पुन्हा पंधरा दिवस गायब. एक जण रिक्षा चालवतो आणि स्टँडवर गिऱ्हाईक मिळेपर्यंत व्यापारी धोरण ऐकतो. पन्नास मिनिटांचं व्याख्यान आपण पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत कापलं. जिथे रेंजची एकच काडी येते तिथल्यांसाठी नुसत्या आवाजाची फाईल ठेवली. ती कल्पना तुझी होती. अहवालात मी ‘केंद्राने असे ठरवले’ असं लिहिलंय, तेवढं पोटात घाल.

प्राध्यापक मंडळी अजूनही कॅमेऱ्यासमोर पासपोर्टचा फोटो काढायला आल्यासारखी बसतात. रेकॉर्डिंगच्या खोलीचा आपला लवू मला परवा म्हणाला, “सर, वायच हसा. नायतर पोरांस वाटंल, घरातलं कोन गेला काय.” मी हसलो. मग रेकॉर्डिंग बघितलं तर ते त्याहून वाईट दिसत होतं.

शिक्षकांच्या यादीत तुझं नाव अजून आहे, हे तुला माहीत नसेल. लॉगिनची मुदत दर जूनला संपते आणि मी ती वाढवतो. सकाळी संगणक लावला की सगळ्यांच्या नावापुढचे ठिपके एकेक करून हिरवे होतात. तुझा करडाच राहतो. पण नाव असतं.

एप्रिलअखेर मी निवृत्त होतोय. पुढे दोन वर्षं केंद्राचा संचालक म्हणून ठेवायचं संस्थेच्या मनात आहे. बरंच झालं. ही गेल्यापासून घरात मोठ्याने बोलणारा एक प्रेशर कुकर तेवढा उरलाय. घरी बसून मी करू काय?

जाता जाता एक. कॉलेजकडून तुला एक नोटीस येईल. राही मांडवकरचं जुनं प्रकरण. घाबरण्यासारखं काही नाही. खाली सही करायची आणि परत पाठवायची. फार खोलात जाऊ नकोस.

तुझा
आत्माराम शिवलकर

---

रत्नागिरी
१८ फेब्रुवारी २०२५

नम्रता,

उत्तर नाही. येईल अशी आशाही नव्हती, तरी दोनदा खाली जाऊन पत्रपेटी बघितली.

राहीबद्दल मी मागच्या पत्रात घाईने लिहिलं. तुला सगळं आठवत असणार, तरी एकदा क्रमाने मांडतो, म्हणजे माझंही डोकं जागेवर येईल.

राही संगमेश्वरच्या आतल्या गावातली. दुसऱ्या वर्षाला होती. सकाळी सातला काजूच्या कारखान्यात जायची आणि तिथे फोन आत नेऊ देत नसत. आपला वर्ग आठचा. फोनमध्ये उतरवून घेतलेलं रेकॉर्डिंग ती रात्री ऐकू शकत होती, पण हजेरी लागायची ती चालू वर्गातच. तासात दोनदा पडद्यावर बटण यायचं आणि ते एका मिनिटात दाबावं लागायचं. तो नियम माझा. ‘अचानक कॅमेरा चालू करा’ हा नियमही माझाच. फोन लावून मुलं झोपतात, असं मला वाटायचं. तशी ती झोपतही होती.

नोव्हेंबर बावीसमध्ये तुझ्या वर्गात कॅमेरे चालू करायला सांगितले, आणि राहीच्या चौकटीत पंचेचाळिशीची एक बाई दिसली. डोक्याला टॉवेल, मागे डोंगरमाथ्यावरच्या सड्याचा काळा कातळ आणि दोन गुरं. फोन दोन्ही हातांनी धरलेला. ती राहीची आई, यमुनाबाई. घरात रेंज नाही म्हणून रोज सकाळी सडा चढून ती लेकीच्या नावाचं बटण दाबत होती. ‘विद्यार्थिनीऐवजी दुसरी व्यक्ती हजर’ अशी तक्रार तुझ्या लॉगिनवरून गेली. राहीला वर्षभर परीक्षेला बसू दिलं नाही, नावावर शेरा पडला, आणि ती पुन्हा आलीच नाही.

आता तिने अर्ज केलाय. तिच्या नोंदणीची मुदत जूनमध्ये संपते. त्याआधी एक परीक्षा दिली तर नोंदणी पुढे चालते, नाहीतर पहिल्या वर्षाचे गुणही पाण्यात. पण शेरा असेपर्यंत परीक्षेचा अर्ज घेतला जात नाही. आणि शेरा कधी निघतो, तर तक्रार करणाऱ्या शिक्षकाने ती चुकीची होती असं लेखी दिलं तर. नोंदीत नाव तुझं आहे.

तेव्हा ‘गैरसमजातून तक्रार केली गेली’ एवढी ओळ तू लिहिलीस की पोरगी सुटते. तू इथली नोकरी सोडलेली आहेस, तुला कोण काय विचारणार? मुलीचं भलं होईल. एवढं कर.

तुझा
आत्माराम शिवलकर

---

रत्नागिरी
९ मार्च २०२५

नम्रता,

तुझं उत्तर आलं. मला नाही, कॉलेजला. प्राचार्यांनी ते टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. “मी ही तक्रार केलेली नाही. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.” बस्स. अक्षर अगदी तसंच आहे, ‘ल’ला अजून उगाच मोठी गाठ मारतेस.

प्राचार्य म्हणाले, “मग केली कोणी?” मी म्हणालो, काहीतरी तांत्रिक घोळ असेल, जुनी गोष्ट आहे. प्रकरण अठ्ठावीस तारखेच्या समितीपुढे ठेवलंय.

बाहेर आलो तर लवू दाराशी उभा. त्याचं गाव राहीच्या गावाला लागून. तो म्हणाला, “ती बाय आजून फोन घेऊन सड्यावर जाते, सर.” मी विचारलं, कशाला? “तुमचंच काय ते ऐकते, गुरं चारताना.” मला खरं वाटेना. काल शनिवार होता. गेलो.

संगमेश्वरला उतरून दुसरी गाडी, आणि ती जिथे वळते तिथून पुढे पाऊण तास चाल. माझ्या गुडघ्यांनी वाटेत मला बरंच काही सुनावलं. राही कारखान्यात होती. यमुनाबाई अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होती. मी म्हटलं, कॉलेजातून आलोय. नाव सांगायच्या आधीच तिने मान वर केली.

“आवाज वळखीचा हाय,” ती म्हणाली. “तुमी ते मागनी-पुरवठ्याचं सर न्हवं?”

नम्रता, पस्तीस वर्षं शिकवतोय. बाजारात जुने विद्यार्थी भेटतात, नमस्कार करतात आणि मी कोणता विषय शिकवायचो ते त्यांना आठवत नाही. या बाईने मला कधी पाहिलेलंही नव्हतं.

तिने पाट दिला, कोकमाचं सरबत दिलं. तू काढून ठेवलेल्या आवाजाच्या फायली त्या फोनमध्ये अजून आहेत. सगळं समजत नाही म्हणाली. “पन मोप बांगडा आला की सस्त का व्हतो, आनि आमची काजू मोप आली की आमासच भाव का गावत नाय, ते कळलं. रातच्याला पोरीस सांगायचे. ती जेवताना लिवून घ्यायची.”

मी विचारलं, शिकवण्यात काही कमी वाटलं का? सवयीने विचारलं. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांकडून असा फॉर्म भरून घेतो ना आपण. तिने खरंच विचार केला.

“रागावू नका. तुमी शेवटाला इचारता, कळलं काय? आनि इचारलं की लगेच बंद करता. सांगनार कदी मानूस?” मग बिया पसरत म्हणाली, “त्या मॅडम थांबायच्या. इचारून गप ऱ्हायच्या वायच. मिया हितनं ‘व्हय’ म्हनायचे, त्यांस आयकू जात नवतं तरी. म्हनून तर वाटलं नवतं, त्या आमच्या पोरीचा असा घात करतील.”

मी पेल्याच्या तळाशी बघत बसलो. दोन शब्दांचं काम होतं. जिभेवर आले आणि तिथेच बसून राहिले. सरबत संपवलं, निघालो. कुंपणापर्यंत ती सोडायला आली.

उरलेलं उद्या लिहितो. आज नाही जमत.

आत्माराम

---

रत्नागिरी
१० मार्च २०२५

नम्रता,

ती तक्रार मी केली.

हे एक वाक्य लिहायला मला सव्वादोन वर्षं आणि तीन पत्रं लागली. त्यात तुझ्याकडूनच खोटी कबुली लिहून घ्यायचा प्रयत्न केला, तोही आशीर्वाद देऊन. आता सगळंच सांगतो.

केंद्र सुरू झालं तेव्हा कोणालाच पासवर्ड लक्षात राहायचे नाहीत. रोज सकाळी माझ्या दारात रांग, सर उघडत नाही, सर चुकीचा दाखवतोय. म्हणून सगळ्यांचे पासवर्ड मीच केले आणि एका वहीत लिहून खणात ठेवले. सगळ्यांना ते सोयीचं वाटलं. वहीला मी तपकिरी कव्हरसुद्धा घातलं होतं. पुढे ती वही उघडायचीही गरज पडेना, कारण पासवर्ड मला पाठ झाले होते.

त्या सकाळी तुझ्या वर्गाच्या यादीत मीही मागे बसलो होतो, तपासणीसाठी. कॅमेरे चालू करायला सांगणारी सूचना मीच पाठवली. यमुनाबाईची चौकट उघडली. तू क्षणभर थांबलीस आणि काहीच न बोलता शिकवणं पुढे चालू केलंस. मला राग आला. आठवड्यावर विद्यापीठाची समिती आली होती, आणि माझा नियम माझ्या डोळ्यांदेखत मोडत होता. समन्वयकाच्या लॉगिनला तक्रारीची सोय नाही, ती फक्त विषयशिक्षकाला. तास संपल्यावर मी तुझ्या नावाने आत गेलो आणि तक्रार पाठवली. मनाशी म्हटलं, हिने करायचं तेच मी करतोय. दोन मिनिटांचं काम.

तोवर मला ते चुकीचंही वाटलं नव्हतं. चूक कळली ती चार दिवसांनी. मुलांच्या ग्रुपवर तुझ्याबद्दल काय काय लिहिलं गेलं ते मी वाचलं. तू माझ्या खोलीत येऊन म्हणालीस, “सर, मी नाही केलं. आणि ती बाई ऐकत होती, सर. एकशे अठरा जणांत खरं ऐकणारी ती एकटीच होती.” त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, बैठकीत बघू.

आणि बैठकीत सगळ्यांसमोर मी म्हणालो, “मॅडम, पासवर्ड जपून ठेवायला हवा होता.”

तू माझ्याकडे बघितलंस. तुला तेव्हाच कळलं होतं का? हे मी रोज स्वतःला विचारतो. तू एफ.वाय.ला माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचीस. तुला या कॉलेजात मी आणलं. ही आजारी असताना रोज डबा तू आणलास, कुळथाच्या पिठल्यात मीठ कमी घालून, कारण तिला चालायचं नाही. आणि मी तुला असं वागवलं. भीती वाटली, एवढंच कारण आहे. लोक काय म्हणतील याची भीती. त्याला दुसरं मोठं नाव नाही.

एवढी वर्षं तुझ्या लॉगिनची मुदत मी वाढवत राहिलो. मला वाटायचं, ती माया आहे. माया असेलही, पण चोराने चोरलेली वस्तू पुसून-पासून ठेवावी त्यातलाच हा प्रकार.

समितीपुढे मी सांगणार आहे. हे पत्र त्याआधी तुझ्या हातात पडावं म्हणून रजिस्टर करतोय.

आत्माराम

---

रत्नागिरी
३० मार्च २०२५

नम्रता,

सांगितलं.

पाच जण होते. मी उभा राहून बोललो. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. एका सदस्याने विचारलं, “लेखी द्याल?” मी खिशातून कागद काढून दिला. त्यावर तुझ्या नावाला कोणताही दोष नाही हे पहिल्याच ओळीत लिहिलंय. त्याची प्रत सोबत आहे.

राहीचा शेरा काढला. परीक्षा एकवीस एप्रिलला सुरू होतेय आणि तिचा अर्ज काल भरला गेला. लवूनेच बसून भरला. हजेरीचं बटणही या सत्रापासून काढलं. आता धडा ऐकून दोन ओळी लिहून पाठवायच्या किंवा बोलून पाठवायच्या, चोवीस तासांत कधीही. हे तू बावीस सालीच सुचवलं होतंस. या वेळी अहवालात तुझं नाव घातलंय.

माझं समन्वयकपद काढून घेतलं, नवा माणूस येईपर्यंत नुसतं कामकाज सांभाळायचं, आणि संचालकपदाचा विषय मिटला. बाहेर आल्यावर प्राचार्य हळूच म्हणाले, “शिवलकर सर, महिना राहिला होता. गप्प बसला असतात तरी चाललं असतं.” ते भल्यासाठीच म्हणाले. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो.

आज यमुनाबाईकडे जाऊन आलो. या वेळी पाटावर बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं, की घात मॅडमनी नाही केला, मी केला. रविवार होता म्हणून राहीही घरी होती. ती दारात उभी राहिली आणि माझ्याकडे नीट बघून आत निघून गेली. यमुनाबाईने ती गेली त्या दाराकडे बघितलं. मग तिने विचारलं, “त्या मॅडमास सांगितलात?”

मी म्हटलं, पत्र लिहिलंय.

“पत्र लिवून काय? त्यांनी काय सांगितलान?”

मी म्हटलं, अजून काही नाही.

“मंग थांबा,” ती म्हणाली आणि गुरांकडे गेली. सरबत दिलं नाही. ते बरोबरच होतं.

आत्माराम

---

रत्नागिरी
३० एप्रिल २०२५

नम्रता,

आज शेवटचा दिवस. शाल, नारळ, दोन भाषणं. त्यांतल्या एकात मला दीपस्तंभ म्हटलं, तेव्हा मागे लवू खोकला.

राहीचे चारही पेपर झाले. लवू म्हणतो, बरे गेलेत. तिने मला काही कळवलं नाही आणि कळवावं असा माझा हक्कही नाही.

सकाळी आठला शेवटचा वर्ग घेतला. सत्तर-बहात्तर जण असतील, सगळ्या चौकटी काळ्या. आपण पडद्याशी बोलतोय असं पूर्वी वाटायचं, आणि त्याचा मला राग यायचा. आज तसं नाही वाटलं. त्या काळ्या चौकटींमागे कोणी गोठ्यात असेल, कोणी स्टँडवर, कोणी बोटीवर, कोणाची आई असेल. मी शिकवलं. शेवटी विचारलं, कळलं का? आणि हात मागे बांधून बसलो, नाहीतर सवयीने बंद केलं असतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. लवू दाराशी येऊन बघून गेला, त्याला वाटलं यंत्र अडकलं. मग एका चौकटीतून एका मुलीचा आवाज आला, “सर, तो शेवटचा भाग पुन्हा सांगाल?” तिच्या मागोमाग आणखी दोघं. पाच वर्षांत हे पहिल्यांदा घडलं. आम्ही तास संपल्यावरही वीस मिनिटं बोलत होतो. थांबायला कोणीतरी शिकवावं लागतं मला, या वयात.

दुपारी खण रिकामा केला. तपकिरी कव्हरची वही फाडली. प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड स्वतः बदलायला लावला. दारात पुन्हा रांग लागली आणि सगळ्यांनी माझ्या नावाने बोटं मोडली.

मग शेवटचं काम केलं. शिक्षकांच्या यादीतून तुझं लॉगिन बंद केलं. ते तुझं होतं आणि मी त्यात घुसलो होतो. त्याची मुदत वाढवत बसायचा मला काही अधिकार नव्हता. बटण दाबलं आणि खालची नावं एक ओळ वर सरकली. तुझी जागा दिसेनाशी झाली. मी बराच वेळ त्या यादीकडे बघत बसलो. उद्यापासून मला ती यादीही दिसणार नाही.

घरी आलोय. कुकर लावलाय. एका माणसाचा भात किती घालायचा ते मला अजून जमत नाही. खूप एकटं वाटतंय, नम्रता, आणि हे मी तुला दया यावी म्हणून लिहीत नाही. तुझ्या वाट्याला हेच एकटेपण मी सव्वादोन वर्षांपूर्वी घातलं. तू काही चूक नसताना ते सोसलंस.

क्षमा मागतो. ती द्यावीस असं मी म्हणणार नाही, पत्राचं उत्तरही मागणार नाही. जे सांगायचं होतं ते सगळं सांगून झालं.

कळलं का?

मी बंद करत नाही. थांबलोय.

आत्माराम